शेवट गोड झाला, पण…

मागच्या श्रावणात आमच्या घरी एक केक बसला. बसला म्हणजे मुळात फुगलाच नाही. भांडे उपडे करून ताटात काढला तेव्हा तो केकपेक्षा जाडसर वडीसारखा दिसत होता. तरीही त्या संध्याकाळी आलेल्या अकराही जणांनी तो आवडीने, मागून मागून खाल्ला. यात लेख लिहिण्यासारखे काय, असे वाचकांना वाटेल. मलाही पुढचे पाच-सहा दिवस तसेच वाटत होते.

प्रसंग असा. यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुरुवारच्या सत्संगाची मंडळी घरी येणार होती. अशा वेळी मी शिरा करते. तो कधी बिघडत नाही आणि नैवेद्यालाही चालतो. पण आमची दहा वर्षांची नात हटून बसली की आजोबांच्या वाढदिवसाला केकच हवा, आणि तो घरचाच हवा. मी आयुष्यभर कुकरच्या तळाला वाळू घालून, शिट्टी आणि रबर काढून केक केलेले. लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ पत्र्याच्या डब्यातून बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायचे आणि ओळीत उभे राहून भाजून आणायचे, हेही केलेले. आता मुलाने विजेचा ओव्हन आणून ठेवला आहे, तेव्हा म्हटले होऊन जाऊ दे.

दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, अर्धी वाटी तूप, दूध, वेलची आणि दोन लहान चमचे बेकिंग पावडर. आमच्या घरी अंडे चालत नाही. फ्रीजमध्ये पावशेर खवा होता, तोही मळून घातला. नातीने मैदा आणि पावडर तीनदा चाळली. नाकाच्या शेंड्याला मैदा लागलेला, तरी चाळणी हातातून सोडेना. भांडे ओव्हनमध्ये गेल्यावर मी तिला बजावले, "आता अर्धा तास दाराला हात लावायचा नाही." मी बाहेर पाट, ताम्हण, फुले यांच्या मागे लागले. दहा मिनिटांनी आत आले तर हिने दार उघडून डोकावलेले.

मी ओरडले. "शंभरदा सांगितलं होतं ना! आता बसणार तो केक, बघच तू."

चाळीस मिनिटांनी केक काढला आणि तो बसलेलाच होता. माझे भाकीत खरे ठरले. भाकीत खरे ठरले की माणसाला आणखी काही तपासावेसे वाटत नाही. मी नातीकडे फक्त पाहिले. ती काही बोलली नाही.

संध्याकाळी भजन झाले, आरती झाली. मी तो केक वडीसारखा चौकोनी कापला, वर पिस्त्याचे काप घातले आणि वाट्यांतून दिला. पहिला घास घेतल्यावर एक काकू थांबल्या. म्हणाल्या, "अहो, ही तर आपली खव्याची जिलबीच!" आणि खरोखर तसेच लागत होते. जबलपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या गावची खव्याची जिलबी नेहमीच्या जिलबीसारखी केशरी, कुरकुरीत नसते. जाड, मऊ आणि रंगाने इतकी काळपट, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती करपली असे वाटते. कमानिया गेटजवळच्या बडकुल हलवाईंकडे ती 1889 पासून मिळते असे सांगतात. तिच्या रूपावर जाऊन नाक मुरडलेला पाहुणा दुसरी जिलबी मागून घेतो, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. माझ्या केकनेही तेच केले. खवा, तूप, वेलची आणि फुगला नाही म्हणून आलेला दाटपणा, या सगळ्यांतून काहीतरी वेगळेच, छान तयार झाले होते.

आणि मी काय केले? जो येईल त्याला हसत हसत सांगितले, "करायला गेले केक. आमच्या नातीने मध्येच ओव्हनचं दार उघडलं, बसला बिचारा!" सगळे हसले. एक गृहस्थ तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "बरं झालं हो उघडलंस, म्हणून हा मेवा मिळाला." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "तुमच्या हाताला चव आहे, काहीही बिघडलं तरी गोडच होणार." मी मान झुकवून ते घेतले.

तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, पण हिशेब असा झाला होता: बिघाड नातीच्या नावावर आणि चव माझ्या नावावर.

मराठीत आपण सहज म्हणतो, शेवट गोड तर सारे गोड. त्या संध्याकाळी शेवट गोड झाला होता. कोणाच्याही मनात काही राहिले नव्हते. भांडी घासताना सून एवढेच म्हणाली, "आई, तिनं केक खाल्ला नाही." मी म्हटले, "दमली असेल." विषय संपला.

आठवड्याभरात घरातल्यांनी पुन्हा तोच केक मागितला. मी नातीला हाक मारली, "चल, मैदा चाळायला ये." ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. म्हणाली, "नको आजी. मी आले की बिघडतं."

रुसून नाही म्हणाली. रुसली असती तर मला सोपे गेले असते, समजूत घालता आली असती. तिने ते अगदी साध्या आवाजात, पावसात बाहेर गेलं की भिजतं असे सांगावे तसे सांगितले.

मी एकटीने केक केला. या वेळी घरात खवा नव्हता. दार कोणीही उघडले नाही. मी स्वतः ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसले होते. आणि केक पुन्हा तसाच, पसरट, बोटभर उंचीचा. चव घेतली तर नुसत्या शिजलेल्या मैद्याची. कोणी खाईना. शेवटी गायीला घातला.

तेव्हा कुठे मी बेकिंग पावडरचा डबा हातात घेतला. ही पावडर म्हणजे खायचा सोडा, एखादे कोरडे आम्ल आणि मक्याचे पीठ यांचे मिश्रण. पीठ घालतात ते दमटपणा शोषून घ्यावा म्हणून. कारण ओल लागली की सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांशी झुंजतात, जो वायू केकमध्ये सुटायचा तो डब्यातच सुटून जातो आणि मागे नुसती पांढरी भुकटी उरते. ती दिसायला मात्र आधीसारखीच असते. पावडर जिवंत आहे का हे पाहायची रीत सोपी आहे. कढत पाण्यात चमचाभर टाकायची. चांगली असेल तर फसफसून वर येते. मी टाकली. दोन-चार बुडबुडे आले आणि सगळे तळाशी जाऊन बसले. डब्याचे झाकण मागच्या दिवाळीपासून चिरलेले होते, डबा खिडकीपाशी होता आणि आमच्याकडचा पावसाळा कसा असतो हे नर्मदाकाठच्या लोकांना सांगायला नको. आतल्या पावडरीत दोन-तीन कडक गोळेही होते. म्हणजे कधीतरी ओला चमचा गेला होता. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये म्हणून अख्ख्या घराला धारेवर धरणारी मी. आणि दिवाळीच्या नानकटाईनंतर त्या डब्याला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नव्हता.

खरे तर एवढाही प्रयोग करायची गरज नव्हती. दार लवकर उघडल्यामुळे बसलेला केक कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. तो आधी फुगलेला असतो. आतला भाग घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की मधोमध खड्डा पडतो, कडा मात्र उंच राहतात. आमच्या केकच्या कडा आणि मध्य एका पातळीवर होते. तो फुगून बसलेला केक नव्हता, न फुगलेला केक होता. पुरावा माझ्या हातातल्या ताटात होता. मी त्याचे चौकोनी तुकडे केले, तेव्हा प्रत्येक तुकडा सारख्याच उंचीचा निघतो आहे हे सुरीलाही कळत होते. पण मला गुन्हेगार आधीच सापडलेला होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यालाच काकतालीय न्याय असे नाव दिले आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. ही म्हण आपण नेहमी कावळ्याच्या बाजूने, म्हणजे त्याला निर्दोष ठरवण्यासाठी वापरतो. माझ्या घरी उलटे झाले होते. फांदी आतून किडलेली होती, मी कावळ्याला बोल लावला आणि कावळ्याला ते पटले! यातले सगळ्यात वाईट मला हे शेवटचे वाटते. नातीने दार उघडले होते, हे खरेच होते. त्यामुळे माझे म्हणणे खोडून काढायला तिच्याकडे काही नव्हते. तिने आपल्या हातून केक बिघडला हे मान्य केले आणि त्यावरून स्वतःबद्दल एक नियमच करून टाकला.

महाभारतातल्या युधिष्ठिराचे वाक्य अर्धे खरे होते. अश्वत्थामा मेला होता, फक्त तो हत्ती होता. त्या अर्ध्या खऱ्यामुळे जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला असे कथा सांगते. मी काही युधिष्ठिर नाही, आणि मी जाणूनबुजूनही बोलले नव्हते. युधिष्ठिराला खरे माहीत होते, मला नव्हते. पण माहीत करून घेण्याची संधी असूनही मी ती घेतली नाही, आणि का घेतली नाही, याचाच मी पुढे बरेच दिवस विचार करत राहिले.

माझे उत्तर असे आहे: केक गोड लागला म्हणून. दुसरा केक बेचव निघाला नसता तर मी डबा कधीच तपासला नसता. पहिला गोड निघाला आणि त्या गोडीने चौकशीचे दारच लावून घेतले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्म आणि फळ यांविषयीचा श्लोक आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. त्याचा अर्थ आपण बहुधा पुढे पाहून लावतो. काम करताना पुढच्या फळाची आस धरू नये, अपयश आले तर खचू नये. हा अर्थ योग्यच आहे. पण फळाची आसक्ती मागे वळूनही काम करते, हे मला या केकने दाखवले. फळ हातात आल्यावर त्याच्या चवीवरून आपण मागचे कर्म मोजतो. फळ कडू निघाले की कोणाचे चुकले ते शोधतो, आणि गोड निघाले की काहीच शोधत नाही. कडू फळ आले तेव्हा "फळ आपल्या हातात नाही" हे वाक्य आपल्याला लगेच आठवते. गोड फळ आले की ते आठवत नाही. तेव्हा आपण म्हणतो, हाताला चव आहे. माझ्या हाताने त्या दिवशी शिळी पावडर घातली होती. चव खव्याची होती, आणि तो घरात होता हा निव्वळ योग.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. आमच्या जबलपूरला संस्कारधानी हे नाव विनोबांनीच दिले, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत ते पुस्तक हमखास असते. त्यात कर्माच्या जोडीला विकर्म हवे असा त्यांचा आग्रह आहे. बाहेर हात जे करतात त्याला आतून मनाची जोड हवी, नाहीतर ते कर्म ओझे होऊन बसते. मी ते प्रकरण कितीदा वाचले असेल. त्या दुपारी माझे हात मैद्यात होते आणि मन अकरा पाहुण्यांत. मन मैद्यात होते ते नातीचे. तिने तीनदा चाळले होते. तिने दारही उघडले ते उगीच खोडी म्हणून नव्हे. आपण केलेले आत काय होते आहे, हे पाहिल्याशिवाय तिला राहवले नाही.

गोड शेवटाच्या गोष्टी सांगायला आणि ऐकायला आपल्याला किती आवडतात, याचे एक लांबचे उदाहरण आठवते. अमेरिकेत रूथ वेकफील्ड नावाच्या बाई मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावात टोल हाऊस नावाची खाणावळ चालवत. चॉकलेटचे तुकडे घातलेली बिस्किटे त्यांनी 1930 च्या दशकात प्रथम केली. आज ती जगभर खातात, आपल्याकडेही मुले तीच मागतात. त्यांची जी गोष्ट सांगतात ती अशी: बाईंनी चॉकलेट वितळेल म्हणून तुकडे टाकले, ते वितळले नाहीत, चुकून नवाच पदार्थ झाला. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. वेकफील्डबाईंनी गृहशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि तो पदार्थ त्यांनी विचारपूर्वक घडवला होता. तिथे एका जाणत्या बाईची मेहनत योगायोगाच्या नावावर गेली. आमच्याकडे माझा हलगर्जीपणा एका मुलीच्या नावावर गेला. दोन्हीकडे ऐकणारे खूश, आणि नेमके काय घडले ते कोणाला नको होते.

यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, लेकरं विसरतात. केवढ्याशा गोष्टीचा केवढा पसारा करतेस!" हे मनाने फार सरळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही नाही. स्वतःच्या चुका उगाळत बसणे हाही अहंकाराचाच एक प्रकार असतो, हे सत्संगात आपण अनेकदा ऐकतो. गीता अठराव्या अध्यायात सांगते की विस्तवाबरोबर धूर असावा तसा प्रत्येक कामाबरोबर काही ना काही दोष असतोच, म्हणून आपल्या वाट्याचे सदोष काम सोडू नये. हे वाक्य मी माझ्यासाठी आधार म्हणून घ्यायला निघाले होते. पण मग लक्षात आले की काम सोडले होते ते मी नव्हे, नातीने. धूर मी केला होता आणि चुलीपासून उठून गेली होती ती. यांचे "लेकरं विसरतात" तिथे लागू पडत नव्हते. तिने प्रसंग विसरला असता तरी निष्कर्ष लक्षात ठेवला असता. आपल्यापैकी कितीजण "मला चित्र जमत नाही", "माझा गळा नाही" असे आयुष्यभर म्हणतात, आणि ते कोणी, कधी, कशावरून ठरवले हे विचारले तर आठवत नाही.

मी तिला स्वयंपाकघरात बोलावले. उंबऱ्यापाशीच थांबली. मग मी कढत पाण्याचे पातेले तिच्याकडे नेले. दोन वाट्यांत पाणी ओतले, एकीत जुनी पावडर टाकली आणि दुसरीत नव्या डब्यातली. एक फसफसून वर आली, दुसरी गप्प. तिने दोन्ही वाट्या बराच वेळ पाहिल्या. मी म्हटले, "केक या पावडरमुळे बसला. ती मी खराब होऊ दिली. तुझ्यामुळे बसला नाही."

"म्हणजे मी दार उघडलं नसतं तरी?"

"तरी."

"पण उघडायचं नसतंच ना?"

"नसतं. ती तुझी चूक होतीच. पण केक त्या चुकीनं बसला नाही."

मला वाटले होते ती आता हसेल. ती म्हणाली, "मग तू सगळ्यांना सांगितलंस ते?"

यावर मी लगेच काही बोलू शकले नाही. एकांतात मागितलेली माफी मला पुरेशी वाटत होती. खरे सांगायचे तर थोडे कौतुकही वाटत होते स्वतःचे, की आजी असून नातीपुढे चूक कबूल केली. पण तिचा प्रश्न बिनतोड होता. दोष अकरा जणांसमोर दिला होता, तो परत एकीसमोर घेऊन कसे चालेल? तिने बोटांवर मोजून सांगितले, अकराच होते. कोण कुठे बसले होते, कोण काय बोलले, सगळे तिला पाठ होते. लेकरे विसरतात!

पुढच्या गुरुवारी सत्संगात सांगायचे ठरवले. आधी तिला विचारले, "तुझ्यासमोर सांगू, की तू नसताना?" कारण माफीसुद्धा तमाशा होऊ शकते, आणि त्या तमाशात मूल पुन्हा मधोमध उभे राहते. ती थोडा विचार करून म्हणाली, "मी बाहेर चपलांपाशी थांबते." तिथून आतले ऐकू येते.

भजन झाल्यावर मी सांगितले. पावडर, ओला चमचा, चिरलेले झाकण, कडा आणि मध्य, सगळे. काहीजण पुन्हा हसले, त्यांना ती दुसरी गंमत वाटली. एक ताई म्हणाल्या, "किती मोठं मन तुमचं! यालाच साधना म्हणायची." आणि वाचकहो, तो शब्द मला गोड लागला. अगदी त्या केकसारखाच. नातीचा दोष परत घ्यायला गेले होते आणि येताना पुन्हा एक शाबासकी घेऊन निघाले होते. मी ती तिथेच नाकारायला हवी होती की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. नाकारली असती तर विनम्रतेची आणखी एक शाबासकी मिळाली असती, असेही वाटते. एक निवृत्त शिक्षक मात्र काही बोलले नाहीत. निघताना दाराशी थांबून म्हणाले, "चाळीस मुलांच्या वर्गात असं किती वेळा झालं असेल हो माझ्या हातून." आणि चपला घालताना त्यांनी नातीला नमस्कार केला. गमतीने नव्हे, वाकून. ती गोंधळून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अकरा नावे लिहिली आणि जे त्या दिवशी सत्संगात होते त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली. नऊ झाल्या. दहावे गृहस्थ गुडघ्याच्या दुखण्याने घरीच होते. रविवारी ग्वारीघाटावरून येताना त्यांच्याकडे जाऊन सांगून आले. हीही बरोबर होती, जिन्यात थांबली.

पावडरीचा नवा डबा आता घट्ट झाकणाच्या बरणीत आहे आणि त्यातला चमचा कोरडा आहे ना, हे नात रोज तपासते. गरज नसते तेव्हासुद्धा. परवा तिने मैदा चाळला. ओव्हनसमोरच्या स्टुलावर ती बसली होती, मी बाजूला जमिनीवर. दार उघडायचा मोह मलाच झाला, तिने माझा हात धरला.

यादीतले एक नाव अजून तसेच आहे. त्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या आहेत, दिवाळीनंतर येतील. मी म्हटले, "फोन करून सांगते."

नात म्हणाली, "नको. त्या समोर हसल्या होत्या."